रघू गोताडने सांगितले होते

लिहून ठेवणार : महिपत सखाराम घाग, वय ६९ वर्षे, धंदा पूर्वी चिरेखाण, आता काही नाही, राहणार घागवाडी, सावर्डे, तालुका चिपळूण, जिल्हा रत्नागिरी.

माझ्या फुफ्फुसात चिऱ्याची धूळ बसली आहे आणि डॉक्टरांनी मुदत सांगायचे टाळले आहे, त्यावरून मला समजायचे ते समजले. डोके मात्र ठिकाणावर आहे. त्याचा डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे. हा मजकूर मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. जन्मभर दडपण दुसऱ्यांवर मी टाकले. यापूर्वी २०१६ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात अटीच अटी होत्या.

खाली लिहिलेली सर्व मिळकत माझी स्वकष्टार्जित आहे. मी जिवंत आहे तोवर ती माझ्याच ताब्यात राहील.

कलम १. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी गनी इब्राहिम मुकादम यांना नेमतो. गनीभाईंचा ट्रक माझ्या खाणीवर बावीस वर्षे चिरे भरायला येत होता. मला तोंडावर खरे सांगणारा तो एकच माणूस होता. त्याचे कारण एवढेच की तो माझा नोकर नव्हता.

कलम २. माझी पत्नी राही हिचे दागिने सूनबाई वेदिका हिला द्यावेत. राही २०१४ साली छातीच्या कॅन्सरने गेली. गाठ तिला दीड वर्ष आधी लागली होती. तिने ती सूनबाईला सांगितली, मला नाही. त्याच्या थोडे आधी तिने जेवताना पाठ दुखते म्हणून सांगायला सुरुवात केली होती, तेव्हा मी म्हणालो होतो, "तुझं रोजचंच आहे, भात वाढ." तिने भात वाढला. पुढे तिने मला काही सांगितले नाही.

मुलगा विनीत स्मशानातून परतताना मला म्हणाला, "आईने तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही कोणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही." मी त्याचेही वाक्य पुरे होऊ दिले नाही. तो डोंबिवलीला गेला आणि पाच वर्षे त्याने फोन केला नाही. मी लोकांना सांगत असे की पोरगा कामात असतो.

इतके होऊन मी शिकलो नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

कलम ३. हे आणि पुढचे कलम मिळकतीचे नाही, पण त्यांच्याशिवाय पाचवे कलम समजणार नाही.

रघू धोंडू गोताड हा माझ्या खाणीवर मुकादम होता. चिरा बघून त्याच्या पोटात माती आहे की नाही, हे तो सांगत असे. फेब्रुवारी २०१९ मध्ये खाणीच्या पूर्वेच्या कडेवर मी उकरलेल्या मातीचा ढीग टाकायला लावला होता. माती लांब टाकायला वेळ जातो म्हणून. सतरा तारखेला रघू माझ्याकडे आला. म्हणाला, "शेठ, ती कड मला बरी दिसत नाय. तीन बोटं भेग गेलीय. ढीग काढूया, दोन दिस तिकडं काम नको."

चार माणसे ऐकत होती. मी म्हणालो, "तुला मुकादम केलाय, इंजिनिअर नाय केला." माणसे हसली. हसली नसती तर मी त्यांच्याकडे बघितले असते, म्हणून हसली.

दुसऱ्या दिवशी रघू काही बोलला नाही. एकोणीस तारखेला सकाळी त्याने त्या कडेखालच्या दोघा गड्यांना दुसऱ्या टोकाला पाठवले आणि चिरे कापायच्या मशीनवर स्वतः उभा राहिला. काम बंद ठेवले असते तर मी आरडाओरडा केला असता, म्हणून त्याने काम चालू ठेवले. अकराच्या सुमाराला कड खाली आली. त्याला बाहेर काढायला आम्हाला चार तास लागले.

पोलिसांपुढे मी जबाब दिला की, "मी मनाई केलेली असताना मयत रघू स्वतःच्या मर्जीने कडेखाली गेला." जबाब खोटा होता. गड्यांनीही माझ्याकडे बघून तोच जबाब दिला. त्या एका वाक्यावरून गावात बोलणे झाले की रघू प्यायलेला असणार. रघूने आयुष्यात दारूला हात लावला नाही.

कलम ४. खाण पुन्हा सुरू झाल्यावर माणसे माझ्यासमोर "हो शेठ" एवढेच बोलत. मला वाटले, वचक बसला. एके दिवशी गनीभाई ट्रकच्या पायरीवर बसून म्हणाले, "महिपतशेठ, तुमच्यापुढे माणूस बोलत नाय, नुसता सुटका करून घेतो. तुम्ही सवाल विचारता नि जवाब पण तुम्हीच देता."

"मग काय करू? हात जोडू?"

"विचारा, आणि तोंडात सुपारी टाका. सुपारी चावून होईस्तोवर बोलायचं नाय."

मला राग आला. पण राहीने गप्प वाढलेला भात आठवला, आणि रघूने सांगितलेली तीन बोटे भेग. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू करण्याआधी मी सगळ्यांना उभे केले आणि विचारले, "आज कुठे काय धोका वाटतो?" सुपारी तोंडात टाकली. कोणी बोलले नाही. दहा दिवस कोणी बोलले नाही. पासष्टाव्या वर्षी गप्प उभे राहण्याइतके अवघड काम मी दुसरे केलेले नाही. अकराव्या दिवशी रामा गोरिवले म्हणाला, "शेठ, मशीनच्या वायरीचं कव्हर फाटलंय." माझ्या जिभेवर आले होते, 'मग इतके दिवस झोपला होतास काय?' ते मी गिळले आणि म्हणालो, "बरं झालं सांगितलंस." वायर त्याच दिवशी बदलली. त्यानंतर माणसे थोडी थोडी बोलू लागली. खाण बंद होईपर्यंत आणखी कोणी दगावले नाही. हे मी शाबासकीसाठी लिहीत नाही. दोन वर्षे आधी सुचले असते तर रघू आज जिवंत असता.

रघूची पत्नी दमयंती खाणीवर गाड्यांच्या पावत्या लिहायला होती. जवळपास दुसरे काम नव्हते म्हणून आली होती. एके सकाळी सगळ्यांना विचारून झाल्यावर मी तिलाही विचारले, "तुमचं काही?"

ती म्हणाली, "माझा नवरा शहाणा होता का येडा, तेवढं सांगा."

मी गाड्यांचे काहीतरी बोललो. ती थांबून राहिली. माणसेही थांबून राहिली.

"शहाणा होता," मी म्हणालो.

"मग कागदावर तसं का नाय?"

मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, आता जबाब फिरवलात तर गुन्हा तुमच्यावर येईल, मृत्युपत्रात लिहून ठेवा. मी तसे दमयंतीला सांगितले. ती म्हणाली, "मेल्यावर खरं बोलायला काय लागतं? माझी मुलगी शाळेत 'बाप दारुडा' म्हणून ऐकून घेते, ती आता."

तरी मी आठ महिने काढले. मार्च २०२३ मध्ये पोलीस ठाण्यात जाऊन खरा जबाब लिहून दिला, त्याची प्रत सोबत आहे. ग्रामसभेतही उभा राहून सांगितले की रघूने सांगितले होते आणि मी ऐकले नव्हते. माझ्यावर खटला चालू आहे. निकालाआधी मी मेलो तर मी सुटलो असे कोणी समजू नये.

कलम ५. रस्त्यालगतची वीस गुंठे जमीन, शेड आणि बोअरवेलसह, मी श्रीमती दमयंती रघू गोताड यांना देतो. ही मदत नाही आणि बक्षीसही नाही, हे शब्द घालायला त्यांनीच सांगितले. त्यांनी मला माफ केलेले नाही. तसे त्यांनी मला समोर बसवून सांगितले आणि मी ते शेवटपर्यंत ऐकले.

कलम ६. खाणीचा खड्डा आता पाण्याने भरला आहे. त्याला चारी बाजूंनी चिऱ्याचा गडगा घालावा. खाण पुन्हा कोणाला चालवायला देऊ नये.

कलम ७. चुलत भाऊ यशवंत याची विहिरीकडे जाणारी वाट मी १९९८ साली काटे टाकून बंद केली. भांडण जमिनीचे नव्हते. त्याच्या मुलीच्या लग्नात मी चारचौघांत एक वाक्य बोललो होतो, ते इथे पुन्हा लिहीत नाही. काटे मी काढले आहेत. वाट कायमची त्याची. तो अजून माझ्याशी बोलत नाही, तो त्याचा हक्क आहे.

कलम ८. माझ्या दहाव्याला कोणी माझ्याबद्दल चांगले बोलायला उभे राहू नये. कोणाला वाईट बोलायचे असेल तर विनीतने त्याला अडवू नये.

कलम ९. राहते घर, आवारातली आंब्याची कलमे आणि बँकेतील शिल्लक मुलगा विनीत याला. पहिल्या खर्ड्यात मी लिहिले होते की त्याने गावी येऊन राहावे आणि घर विकू नये. गनीभाईंनी वाचून विचारले, "त्याला विचारलंत?" मी ते वाक्य खोडले. घर विकावे, पाडावे, बंद ठेवावे, त्याची मर्जी.

मग मी विनीतला फोन केला. हल्ली तो फोन उचलतो, दोन मिनिटे बोलतो. मी म्हणालो, "आईबद्दल तुला जे म्हणायचं होतं, ते तेव्हा राहून गेलं. आता म्हण."

त्याने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग बोलू लागला. पाऊण तास बोलला. काही गोष्टी चुकीच्या होत्या, तारखा चुकीच्या होत्या, एकदा मी मारले म्हणाला ते मला आठवत नव्हते. मी एकही दुरुस्त केली नाही. खोकला आला तेव्हा फोन उशीखाली धरला.

शेवटी आवाज बसला त्याचा. त्याने विचारले, "बाबा, ऐकताय ना?"

मी म्हणालो, "ऐकतोय. अजून असेल तर बोल."

वरील मजकूर मी सांगितला, ॲड. ऋत्विक चाळके यांनी टाइप केला आणि मला दोनदा वाचून दाखवला. खाडाखोड नाही. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली आहे.

ठिकाण : सावर्डे
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

सही : महिपत सखाराम घाग

साक्षीदार :
१. डॉ. राजश्री अनंत भुवड, सावर्डे (सही)
२. शमीम दाऊद काझी, निवृत्त शिक्षिका, चिपळूण (सही)