ठेचा निर्दोष आहे

सक्करदरा, नागपूर

ती. कुसुमताईस धाकट्या मनोहरचा साष्टांग नमस्कार.

तुझी कंबर, गाय आणि भाऊजी बरे असावेत (क्रम तुझाच). फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. माझ्या पोटात अल्सर निघाला हे कळताच ‘माया ठेच्यानंच तुयं पोट जाळलं गा!’ म्हणून तू रडलीस आणि माझी जखम भरेपर्यंत घरात मिरची आणणार नाही, अशी शपथ घेऊन बसलीस. जखम माझी आणि पथ्य काटोलच्या अख्ख्या घराला!

परवा इथल्या सदर भागातल्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा दुर्बीण घातली (नळी घशाशी येताच मी देवांची नावं घ्यायला लागलो, पण दुसऱ्याच देवापाशी आवाज बंद झाला). नंतर त्यांनी पडद्यावर फोटो दाखवले. त्या दुर्बिणीला असं भिंग आहे की मोहरीएवढी जागा परातीएवढी दिसते. आधी तिथे पांढरट साय धरलेला खड्डा होता. आता चहूकडून नवी कातडी बारीक लाल रेघांनी मधोमध सरकत आली आहे. तू गोधडीचं भोक कडेकडेनं टाके घालत बुजवतेस ना, अगदी तसं. माझ्या शरीराचा कुठलाही भाग इतक्या शिस्तीत काम करतो, हे मला ठाऊकच नव्हतं (तुझ्या भावजयीलाही नव्हतं, तिनं तिथेच सांगितलं).

आणि ऐक, ही जखम जंतूंनी केली, ठेच्यानं नाही. बाईंकडून हे मी दोनदा वदवून घेतलं, तुझी भावजय रोशनी साक्षीला आहे. जखम भरली, शपथ सुटली. तू माझ्यापायी फिकं जेवतेस या विचारानं माझाच घास अडतो गं ताई. आता पुरे कर.

सोबत फोटो जोडलाय. देवघरात लावू नकोस.

तुझा (आतून दुरुस्त होत असलेला)
मनोहर

ता. क. भाऊजींनी गोठ्यातून चोरून फोन केला होता. ‘लवकर बरा हो गा मनोहर, वांग्याची भाजीबी दवाखान्यातली लागून राहिली,’ म्हणाले. हे तुला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं आहे.

ता. क. २. वर ‘भरली’ लिहिलं ते जरा घाईचं झालं. व्रण अजून लाल आहे. तो पांढरा होईपर्यंत गोळ्या चालू आणि तिखट बंद, कारण निर्दोष ठेचासुद्धा नव्या कातडीला झोंबतो म्हणे. तरी तू आज ठेचा करच. मला पाठवू नकोस. फक्त जेवायला बसलीस की फोन लाव आणि पहिला घास माझ्या कानाशी खा. तुझं हाशहुश ऐकलं, की माझा दूधभात खाली उतरेल.