उलट्या खुर्च्या

सोमवार

आलो एकदाचा! बदल्यांच्या फेऱ्यातलं हे सातवं गाव, आणि आल्या दिवशी बरं वाटावं असं पहिलंच. हमरस्त्याला लागून आमच्या कंपनीचं हॉटेल. तीच पिवळी पाटी, त्याच पिवळ्या टोप्या, तेच मेनूकार्ड. डोळे बांधून आणलं असतं तरी मिठाचे डबे कुठे आहेत ते सांगितलं असतं. खिडकीतून रस्त्याचं वळण आणि पुढचा पूल दिसतो. राहायला वरच्या मजल्यावर दोन खोल्या. रविवारी दुपारच्या बसने बायको आणि लेक येतील. लेकीला शब्द दिलाय, आता शाळा बदलायची नाही. माझेही गुडघे कधीचे कुरकुरताहेत.

मुख्य कचेरीने एक काम गळ्यात मारलंय. पंचवीस वर्षं झाली म्हणून या शाखेचा इतिहास लिहून दाराशी लावायचा. लिहू. कुणी वाचणार थोडंच आहे.

मंगळवार

हॉटेल बंद करताना खुर्च्या टेबलांवर उलट्या घालतात, ते काही नवीन नाही. फरशी पुसायला सोपं जातं. इथे मात्र आधी फरशी पुसतात आणि मग खुर्च्या उलट्या घालतात! का, तर आधीपासून असंच आहे, असं वेटर म्हणाला. त्याला सगळे लंबू म्हणतात. खुर्च्या लोखंडी, चांगल्या जड. आचारी मावशींची कंबर धरलेली, तरी त्या हात लावायला येतात. मला बघवेना. सांगून टाकलं, आजपासून हे बंद. लंबू खूश झाला. मावशी नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, मनातून दुवा देत असतील.

बुधवार

सकाळी शटर वर केलं. खिडकीकडची एक खुर्ची टेबलाशी सरकवायला हात लावला, तर बैठक कोमट. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी. शेजारचीही तशीच, आणि ती अख्खी रांग. ऊन अजून त्या बाजूला आलंही नव्हतं. लंबू म्हणाला, लोखंड आहे, तापायचंच. मी मान डोलावली. वाद घालायलाही अंगात त्राण लागतं.

गुरुवार

इतिहासासाठी मावशींना गाठलं. पहिल्या दिवसापासून त्या इथेच आहेत. कांदा चिरता चिरता त्यांनी सांगितलं की हॉटेल नवं असताना एक बस थांबली होती. लांबून आलेली, पार आंबून गेलेली माणसं. बाहेर गिऱ्हाइकांची रांग, म्हणून तेव्हाच्या मॅनेजरने त्यांना भरल्या ताटावरून उठवलं. एक म्हातारी म्हणत होती, जरा पाठ टेकू दे रे बाबा. बस त्या पुलापर्यंतच पोचली, पुढे खाली नदीत गेली.

तेव्हापासून हॉटेल बंद झालं की ती माणसं बसायला येतात. खुर्ची उलटी दिसली की परत जातात, सरळ दिसली की बसतात. आणि एकदा बसली की सोबतीला माणूस मागतात. माझ्या आधीच्या मॅनेजरने एकदा कंटाळा केला, खुर्च्या तशाच राहू दिल्या आणि दोन मिनिटं म्हणून एका कोमट खुर्चीत टेकला. सकाळी तिथेच बसलेला सापडला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

मी मावशींवर रागावलो. हे आधी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर ऐकलं असतं का, साहेब?"

शुक्रवार

खिडकीकडच्या खुर्च्या उचलल्याच जात नाहीत. मी, लंबू, मावशी, तिघांनी जोर लावला. हलत नाहीत. एकीत मात्र काहीतरी हललं — कुणी कूस बदलावी तसं. लंबूने टोपी काढून ठेवली आणि गेला तो गेलाच.

कोपऱ्यातल्या टेबलाच्या तेवढ्या तीन उचलल्या गेल्या. त्या मी स्वतः उलट्या घातल्या.

कचेरीला फोन केला, हॉटेल बंद ठेवू द्या. म्हणाले, सुट्टीची गर्दी आहे, कसं बंद ठेवणार? तुम्ही दमलाय. बसा जरा निवांत.

शनिवार

त्या तिन्ही सरळ. ओळीने मांडलेल्या. शेवटची थोडी पुढे ओढलेली — लहान मुलाला चढता यावं अशी.

कचेरीला न विचारताच हॉटेल बंद ठेवलं. बायकोला फोनवर म्हटलं, येऊ नका. ती वैतागली. सामान टेम्पोत गेलंय, गाडीची वेळ झालीय, आता काय नवीन? कारण सांगायच्या आत तिने फोन ठेवला. नंतर लागलाच नाही.

मावशी म्हणतात, बाकी काही नको, फक्त बसू नका. उभाच आहे. जेवलोही उभ्यानेच. उद्या बाहेर थांब्यावरच त्यांना गाठायचं. आत येऊच द्यायचं नाही. भीती वाटते.

रविवार

थांब्यावर उभा होतो. बस लेट. गुडघे — पाणी प्यायला आत आलो, एवढंच आठवतं.

बसलोय. त्या तिनातल्या एकीत.

कोमट आहे. किती बरं वाटतंय, आई गं —

उठता येत नाही. आवाज फुटत नाही. हात तेवढा चालतोय. मावशी आत आहेत, मिक्सर चालू आहे, त्यांना काही —

बस आली. बायको सामान उतरवून घेतेय. लेक पुढे पळत आली. दमलीय, डोळे तारवटलेत. मला बघून हसली —

शेजारची खुर्ची ओढतेय —

वही तिच्यापुढे धरतो, मोठ्या अक्षरांत, वाच पोरी —

पिल्ला त्या खुर्चीत