भामरागडचा हिरवा ठिपका

मंगळवार, संध्याकाळ



आमच्या डेटा सेंटरच्या भिंतीवर मोठा स्क्रीन आहे. गावाची नेटची लाइन चालू असली की हिरवा ठिपका, बंद पडली की लाल. दुपारी भामरागडकडच्या दवाखान्यातून नर्सबाईचा फोन आला. "मॅडम, कालपासून इथी नेट नाई. बाळंतिणीचं बीपी वाढून राह्यलं, चंद्रपूरच्या डॉक्टरले दाखवू कसं? रेंजसाठी टेकडीवर चढून बोलून राह्यली मी."

मी स्क्रीन पाह्यला. हिरवा ठिपका. म्हटलं, "बाई, इथून तर चालू दिसते. तुमचंच मशीन पाहा." अन् फोन ठेवला.

मग स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे नजर गेली. सकाळचे दहा? दुपारी? माउस हलवला, काहीच हललं नाई. फोटो होता तो! काल साहेब पाहणीले आले तेव्हा लाल काही दिसू नये म्हणून कोणीतरी स्क्रीनचाच जुना, सगळा हिरवा फोटो लावला, अन् काढलाच नाई. कालपासून आम्ही सगळे फोटोवर पहारा देऊन राह्यलो!

फोटो हटवला. भामरागड लाल.

नर्सबाईले फोन लावला, लावतच राह्यली. लागत नाई. टेकडी उतरली असंल ती. मीच सांगितलं ना, मशीन पाहा म्हणून.