अंगात वारं येतं म्हणे

माघ शु. ३, सोमवार. तलवाडा.
झालं ते असं:
१. पहाटे ओसरीवर आसनं केली, मग भस्त्रिका प्राणायाम, मग डोळे मिटून बसले.
२. शेजारच्या गयाबाईंनी कुडाआडून पाहिलं.
३. दुपारपर्यंत गावभर झालं: सरकारी सुईणीच्या अंगात देवीचं वारं येतं.
४. सांजेला उंबऱ्यावर हळदकुंकू, दोन नारळ.

मागल्या महिन्यात एक बाळंतीण माझ्या हातात दगावली, तेव्हापासून बोटं कापतात. म्हणून वडिलांनी शिकवलेलं पुन्हा सुरू केलं. कापऱ्या हातानं नाळ कापता येत नाही.

शु. ४, मंगळ.
आत, कडी लावून बसले. आसनं ठीक. डोळे मिटले की कान दाराकडे.
गयाबाई बाहेरून, "दार कावून लावलं बाई? आमाला दर्शन न्हाई व्हय?"
"व्यायाम करते मी."
"खरं वारं असलं की मानूस कबूल करीत न्हाई. आमच्या मावळणीचं असंच हुतं."

शु. ६, गुरु.
गयाबाईंनी सून आणली, सखू. आठवा महिना. तोंड, पाय सुजलेले. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी. लघवी उकळून पाहिली, पांढरा साका. झटके कधीही येतील. मागल्या महिन्यातल्या बाळंतिणीचं असंच होतं.
म्हटलं, आजच बीडच्या दवाखान्यात न्या.
"तितं लई बाया मेल्या. तुमी अंगारा लावा. न्हाईतर देवीला 'जा' म्हनू द्या, आत्ता गाडी जुपते."
जाताना गयाबाई माझ्या पाया पडल्या. आईच्या वयाची बाई.

शु. ७, शुक्र.
झटके येऊ नयेत म्हणून सखूला तिच्या घरीच अंधाऱ्या खोलीत निजवलंय, मीठ बंद. आसनं नाहीत. नुसती बसले. श्वास लांबवला, बोटं थोडी थांबली. मनात मात्र एकच वाक्य: देवी म्हणते, बीडला जा. बोलले तर आज गाडी निघेल. पुढे प्रत्येक अडलेल्या बाईला देवीलाच विचारतील, मला नाही. आणि सखू तिथे दगावली तर...

बीडच्या डॉक्टरीणबाईंना घोडेस्वाराकरवी चिठ्ठी धाडली. नक्कल:
"आठव्या महिन्यातली बाई, अंगावर सूज, लघवीत साका; रोगी हलवण्यास घरचे राजी नाहीत. आपण स्वतः आलात तर ऐकतील. माझ्या अंगात देवी येते असं गाव मानतं; येणं न जमल्यास देवीचं नाव घेऊन पाठवू का, तेही कळवावं. झटके आले तर उत्तराची वाट न पाहता देवीचं नाव घेईन. रविवारी दुपारपर्यंत उत्तर द्यावं."