पाहुणे दुपारीच पाहिजेत

८ जानेवारी
कानातलं यंत्र पुन्हा शिट्ट्या मारतंय. डोळ्यांना समोरचं दिसतं, बाजूचं नाही. अंधार पडला की तेही बंद. मग घरचे तळहातावर बोटानं लिहून बोलतात. शेजारच्या काकूंनी आज माझ्यासमोरच आईला विचारलं, "हिला समजतं का काही?" समजतं, काकू. तुमच्यापेक्षा थोडं जास्तच.

११ जानेवारी
पुढच्या रविवारी धाकटीला, मीनाला, बघायला अंबडहून पाहुणे येणार. आईचं फर्मान — "भावना, तू दोन दिवस धावड्याला आत्याकडं जा." घरातली खोट झाकायची ना! पण मीना अडून बसली. "ताई न्हाई तर मी बी न्हाई." आईनं माझी भरलेली पिशवी परत खुंटीला टांगली.

गल्लीत मीनाचं भारी कौतुक. रोज संध्याकाळी माझा हात धरून दुकानात नेते, माझ्यासाठी टीव्ही मोठ्यानं लावते. दुकानाची वाट मला पायानं पाठ आहे, पण देवमाणूस ती. मी म्हणजे तिची पुण्य कमवायची सोय.

१५ जानेवारी
मीनाचा हट्ट — पाहुणे दुपारीच पाहिजेत. "उजेडात साडी खुलून दिसती." नखरे! आजवर बाईनं पदर धड खोचला नाही.

१८ जानेवारी
दुपारचे पाहुणे दिवेलागणीला उगवले. त्यात लाइट गेलेली. मी भिंतीशी, आईला चिकटून. आईनं हात दाबला की हसायचं, असं ठरलेलं. मुलाचे मामा त्यांच्या आईच्या मयतीचं सांगत होते म्हणे. आईनं गहिवरून माझा हात दाबला. मी मनापासून हसले.

मग मीना चहा घेऊन आली आणि ट्रेसकट उंबऱ्यात आडवी. तो खणखणाट माझ्याही कानात शिरला. आई लगेच माझ्या कानाशीच ओरडली, "थोरलीचा पाय मधी आला." माझा पाय? भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत? इतका राग आला की रडू फुटायचं राहिलं. पण गप्प बसले. मीनाचं जमणारं मोडायला नको.

१९ जानेवारी
होकार आला. आई गल्लीत पेढे वाटून आली. मला एकच दिला.

२० जानेवारी
संध्याकाळी मीनानं हात धरला, पण दारातच थांबली. तळहातावर लिहिलं — उंबरा दिसला न्हाई. अंधारात काहीच दिसत न्हाई. आईला सांगू नको.

"कधीपासून?" मी विचारलं. तिला ऐकू आलं नाही. मोठ्यानं विचारलं, तेव्हा रडायला लागली.

म्हणजे रोज दुकानापर्यंत मीच तिला नेत होते.