बटण कुणाच्या हातात होतं

अण्णा, त्या दिवशी ताई आतून 'बंद कर' म्हणून ओरडली, ते तुम्हाला बाहेर बाकावर ऐकू आलं होतं का? याचं उत्तर मला माहीत नाही. दहा वर्षं झाली, मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिलाय. कंपनीतल्या प्रेसच्या आवाजाने तुमचा डावा कान जवळजवळ गेला होता आणि तुम्ही डावा कान दाराकडे करून बसला होतात, असं मला आठवतं. पण त्या प्रसूतिगृहाच्या दारावरची झडप उघडी होती, आणि ताईचा आवाज तर लहानपणापासून गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. त्यानंतर तुम्ही दोन वर्षं होतात. रोज जेवायला समोर बसत होतात. मी विचारलं नाही, आणि आता विचारायची सोय नाही, म्हणून लिहिते आहे.

मी तेव्हा फिजिओथेरपीची इंटर्नशिप करत होते. आपल्या घरात पदवी मिळवणारी पहिली मीच. निकालाच्या दिवशी तुम्ही कॅन्टीनमध्ये सगळ्या शिफ्टला चहा दिला होता, आणि 'पोरगी डॉक्टर झाली का?' असं कुणी विचारलं की सांगायचात, 'डॉक्टर नाय, पण दुखणं घालवती.' मला ते खरंच वाटायचं. जगातलं बरंचसं दुखणं केवळ कुणी नीट लक्ष न दिल्यामुळे आहे, अशी माझी त्या वयात पक्की समजूत होती. आमच्या हॉस्पिटलात टेन्सचं एक मशीन मोडीत काढलं होतं. पाठदुखीच्या पेशंटना लावायचं ते, सगळे त्याला शॉकचं मशीन म्हणत. ताई पहिल्या बाळंतपणासाठी दिंडोरीहून माहेरी आली होती, सातवा संपत आला होता, आणि ती कळांना घाबरत होती. तिने ते फक्त मला सांगितलं होतं. पाठीवर दोन्ही बाजूंनी चकत्या लावून बाळंतपणातही हे मशीन वापरतात, असं मी वाचलं होतं. सरांना विचारून मी ते मोडीतलं मशीन घरी आणलं.

तुम्ही ते स्वयंपाकघराच्या फरशीवर पेपर पसरून उघडलंत. आई म्हणाली, "इथे पोळ्या लाटू का तुमचे स्क्रू वेचू?" तुम्ही म्हणालात, "दोन्ही कर, तुला जमतं." असं काही समोर उघडून ठेवलं की तुमचा चेहरा कसा निवांत व्हायचा, ते मला आत्ताही दिसतं: चष्मा कपाळावर, ओठांत टेस्टर, आणि सोल्डरिंगचा तो वास पोळ्यांच्या वासात मिसळलेला. एक वायर तुटली होती, एवढंच निघालं. मग तुम्ही चकत्या स्वतःच्या हाताला लावून बसलात आणि मला विचारलंत, हे काम कसं करतं. मी पुस्तकातलं सांगितलं, की दुखण्याचा निरोप नसेतून वर मेंदूकडे जातो, आणि त्याच वाटेने मुंग्यांचा निरोप सारखा पाठवत राहिलं तर दुखण्याच्या निरोपाला जागा कमी मिळते. तुम्ही थोडा वेळ हाताकडे बघितलंत. "म्हणजे लाईन बिझी ठेवायची," असं म्हणालात. इतक्या वर्षांत मला कुणी याहून सोपं सांगितलेलं नाही. वर्गात मी हेच वाक्य वापरते.

बाळंतपण हा शब्द तुम्ही एकदाही उच्चारला नाहीत. 'ताईचं काम', 'त्या टायमाला', असंच चालायचं. तरी दुसऱ्या दिवशी कंपनीतून आलात ते विचार करूनच. "त्या टायमाला ते एकसारखं नसेल ना? येत-जात असेल?" मी हो म्हटलं. "मग वाढवायचं-कमी करायचं कोण करणार?" मी म्हटलं, मी असेन ना शेजारी. तुम्ही मान हलवलीत. "आमच्या शॉपमध्ये रूल हाय. मशीनवर जो उभा, बटण त्याच्या हाताशी. फोरमनच्या टेबलाशी नाय." रविवारी तुम्ही जुन्या बेडस्विचचं कवच घेतलंत, त्यात घंटेचं बटण बसवलंत आणि लांब वायरीने मशीनला जोडलंत. दाबलं की जोर वाढायचा, सोडलं की खाली यायचा. आज असं घरी फिरवलेलं मशीन मी कुठल्याही बाईच्या पाठीला लावू देणार नाही, हे सांगून टाकते. पण आता बाजारात येणाऱ्या चांगल्या मशीनला अगदी तसंच हातात धरायचं बटण असतं.

ताईच्या सासूबाई भेटायला आल्या तेव्हाचं आठवतं ना? त्या मशीन बघूनच उठून उभ्या राहिल्या. "पोटुशी बाईला करंट लावत्यात का? आमच्याकडं मोटारीचा शॉक लागून गडी मेला."

"विहीणबाई, हे लाईटवर नाय चालत," तुम्ही म्हणालात. "रेडिओतली बॅटरी हाय नऊ व्होल्टची." आणि शर्टाची बाही वर करून चकत्या लावून दाखवल्यात.

"तुम्हाला काय व्हायचंय? तुम्ही थोडेच बाळंत होणार?"

आई पदर तोंडाला लावून आत पळाली. तुम्ही मात्र गंभीरपणे म्हणालात, "ते खरं हाय. पण तिला काय वाटलं तर बटण तिच्याच हातात असणारे." ते ऐकून सासूबाई बसल्या. म्हणजे बटण ताईच्या हातात असेल, हा शब्द तुम्ही त्यांना दिला होता. आणि ताईने तो ऐकला होता.

ताईला कळा सुरू झाल्या त्या दिवशी सकाळी आठला आम्ही प्रसूतिगृहात पोचलो. डॉक्टरबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "लाव, पण बाळाचे ठोके ऐकताना बंद करायचं, आणि माझ्या मधे मधे यायचं नाही." मी ताईच्या पाठीवर चार चकत्या चिकटपट्टीने बसवल्या आणि स्टुलावर बसले. मांडीवर वही. एका हातात बटण. अण्णा, वहीचं मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. महिनाअखेरीस आमचा सेमिनार होता. प्रत्येक कळेला जोर किती होता आणि ताईला किती दुखलं, हे लिहून काढायचं आणि तिथे मांडायचं, असं मी ठरवलं होतं. बाळंतपणात टेन्स, आमच्या कॉलेजात पहिल्यांदाच. माझ्या मते त्यातून पुढे कितीतरी बायकांचं भलं होणार होतं. बटण ताईकडे दिलं असतं तर ती मनाला येईल तेव्हा दाबणार आणि माझे आकडे बिघडणार.

सुरुवातीचे दोन-तीन तास चांगले गेले. ताई म्हणते, "बरं वाटतंय गं, मुंग्या येतायत नुसत्या." मी लिहिते. ती म्हणते, "दे ना ते माझ्याकडे." मी म्हणते, "थांब, मला कळतंय कधी वाढवायचं." ती पुन्हा मागते. मी पुन्हा थांब म्हणते. दुपारी कळा जवळजवळ येऊ लागल्या आणि मी जोर वाढवत नेला. तिला आता मुंग्याही नको होत्या, पाठीला काही लागलेलंच नको होतं. "बंद कर," ती म्हणाली. मी म्हटलं, "अजून दोनच मिनिटं, ताई, उपयोग होतोय." मग ती ओरडली. तेच ते, ज्याबद्दल मी सुरुवातीला विचारलं. आणि तिने मला लाथ मारली, वही पलंगाखाली गेली, आणि तिने स्वतःच हात मागे नेऊन चकत्या ओरबाडून काढल्या. तिथल्या मावशींनी मला दंडाला धरून बाजूला केलं आणि तळहाताने तिची कंबर दाबायला सुरुवात केली. 'दोनच मिनिटं' हे मी त्याआधी किती सिस्टरांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि मनात त्यांना किती नावं ठेवली होती.

चारच्या सुमाराला मुलगी झाली. मी बाहेर आले तेव्हा तुम्ही उभे होतात, थर्मास छातीशी धरून. आधी दोघी बऱ्या आहेत ना ते विचारलंत, मग, "बटण चाललं का?"

"चाललं."

"तिनंच दाबलं?"

"हो अण्णा. तिनंच."

संध्याकाळी तुम्ही तिच्या उशाशी बसून तिलाही विचारलंत. ताईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो ना, सारखी दाबत होते." तुम्ही खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसलात. कंपनीत पेढे वाटताना तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की तुमच्या पोरीने स्वतःच्या हाताने दुखणं कमी-जास्त केलं. ताई आणि मी त्या विषयावर पुन्हा कधी बोललो नाही. सेमिनारला मी दुसराच विषय घेतला.

त्यानंतर आठ दिवसांनी तुम्ही बटण दुरुस्तीला म्हणून काढून नेलंत. परत आणलंत तेव्हा वायर निम्म्याहून कमी झाली होती. "लांब वायर पायात येती," एवढंच म्हणालात. मशीन पलंगावर ठेवलं तर बटण आता फक्त पलंगावरच्या बाईच्या हातात पुरत होतं, स्टुलापर्यंत येत नव्हतं. त्याचा अर्थ मी अजून लावते आहे. खरंच वायर पायात येत असेल. आणि तुम्हाला सगळं ऐकू आलं असेल, तर तुम्ही मला किती हळू आवाजात रागावलात.

तुम्ही गेल्यावर मी माझं काम सुरू केलं. आता दर शनिवारी गरोदर बायकांचा वर्ग घेते. श्वास, कुशीवर वळणं, चालणं, आणि टेन्स. मशीनबद्दल मी खोटं बोलत नाही. कुणाला बरं वाटतं, कुणाला काही फरक पडत नाही, कुणी अर्ध्यात काढून टाकतं, लवकर लावलं तर बरं, हे सगळं सांगते. पण शेवटी मी एक गोष्ट सांगायची. माझ्या मोठ्या बहिणीची, जिने बटण हातात धरून लेकीला जन्म दिला. ऐकताना बायकांचे चेहरे खुलायचे. इतक्या वेळा सांगितली की मला स्वतःला ताईच्या हातात ते बटण दिसायला लागलं होतं.

दिवाळीनंतर वर्गातली एक मुलगी बाळ दाखवायला आली. जाताना दारात थांबून म्हणाली, "मॅडम, मला तुमच्या बहिणीसारखं नाही जमलं. मी तासाभरात काढून टाकलं आणि खूप ओरडले. माझ्यातच काहीतरी कमी असेल." मी तिला जे सांगायचं ते सांगितलं, की त्यात जमण्या-न जमण्यासारखं काही नसतं. तिने मान डोलावली. पण तिला ते पटलेलं नाही हे मला दिसत होतं, कारण माझी बहीण होती ना मधे.

त्याच आठवड्यात मी दिंडोरीला गेले. ताई बागेतून आली होती, हात धूत होती. मी सगळं एका दमात सांगितलं, वहीसकट. ती हात पुसायची थांबली.

"म्हणजे इतकी वर्षं तू बायकांना माझं बाळंतपण सांगतीयेस?"

"नाव नाही घेत तुझं."

"नाव नाही घेत म्हणे. आणि लाथेचं सांगतेस का?"

"नाही."

"मग काय सांगतेस? लाथच तेवढी खरी होती." ती हसली, पण हसणं पुरतं आलं नाही. मग चहा ठेवता ठेवता पाठमोरी म्हणाली, "अण्णांना खोटं मी तुझ्यासाठी नाही सांगितलं. त्यांनी रविवार घालवला होता त्याच्यावर." आणि जरा वेळाने, "मी मागत होते तेव्हा द्यायचं होतंस गं."

मी 'चुकलं माझं' म्हटलं. दहा वर्षं उशिरा म्हटलं, पण म्हटलं.

परवाच्या शनिवारी ती एसटीने माझ्या वर्गाला आली. मी खरं काय ते सांगायची तयारी करून ठेवली होती, टिपणही काढलं होतं. तिला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि तेव्हा लक्षात आलं, की मी पुन्हा तेच करायला निघाले होते. टिपण पर्समध्ये टाकलं आणि सतरंजीवर बायकांमध्ये जाऊन बसले. ताई आधी अडखळली, मग तिला सूर सापडला. "ही बसलीय ना तुमची मॅडम, हिने मला बटण दिलंच नाही." सगळ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. सातवा महिना लागलेली एक पोर म्हणाली, "मग राग नाही आला तुम्हाला?"

"आला की. अजून आहे थोडा." बायका हसल्या. ताई पुढे बोलत राहिली, मावशींच्या तळहाताबद्दल, ओरडण्याबद्दल, ओरडल्यावर मोकळं वाटलं त्याबद्दल. मला माहीत नव्हत्या अशा कितीतरी गोष्टी होत्या. मी तिथेच असून मला माहीत नव्हत्या. दिवाळीनंतर आलेल्या त्या मुलीलाही मी मुद्दाम बोलावलं होतं. ती मांडीवर बाळ घेऊन मागे भिंतीशी बसली होती आणि ताईकडे टक लावून बघत होती.

तुमच्याबद्दल ताई वाईट काही बोलली नाही, काळजी नको. हे लिहिलेलं मी तिला वाचून दाखवणार होते, पण ती पहिल्याच प्रश्नावर 'हो' किंवा 'नाही' म्हणून टाकेल, तिला कदाचित माहीतही असेल, आणि मला ते कळून घ्यायचं धैर्य नाही. म्हणून हे माझ्याकडेच राहील. वर्गाचं मात्र मी नक्की करून टाकलं आहे. ती गोष्ट मी आता सांगत नाही. महिन्यातून एका शनिवारी ताई येईल आणि तिला हवी तशी सांगेल. फळ्यावरच्या वेळापत्रकात तिचं नाव मी काल लिहून टाकलं.