सोबत्याचा रकाना

प्रति,
मा. व्यवस्थापक,
प्रवेश व आरक्षण विभाग,
जुना राजमहाल.

विषय : पंचाहत्तरी ओलांडलेला अर्जदार व सात वर्षांची मुलगी यांना एकमेकांचे सोबती मानून महालात प्रवेश मिळण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे नकाराचे पत्र.

महोदय,

सविनय विनंती की, आपण क्षणभर डोळे मिटावेत आणि अशी कल्पना करावी : आपण पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि आपल्याला महाल पाहायचा आहे. (वर्गात गोष्टीची सुरुवात मी अशीच करीत असे. सवय जात नाही, क्षमा असावी.) हल्ली वेळ ठरवून तिकीट घ्यावे लागते, म्हणून आपण संगणकापुढे बसता. दिवस निवडता, चारची वेळ निवडता. मग 'सोबत्याचे नाव' असा रकाना येतो आणि तो भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही.

१. त्या रकान्यापुढे मी अख्खी संध्याकाळ बसून होतो. महालाचे जिने उभे आहेत, वृद्धांबरोबर कोणीतरी हवे, हा नियम मला मान्य आहे. अडचण एवढीच की लिहायला नाव नव्हते. मुलगा दूरदेशी असतो. तो रविवारी फोनवर भेटतो, पण फोनला सोबती धरत नाहीत. दोन जुन्या विद्यार्थ्यांना विचारले. एकाचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट निघाले, दुसऱ्याला नातवंडांपुढे डोके वर काढायला फुरसत नाही. शेवटी हाताच्या सवयीने पत्नीचे नाव लिहिले. ती जाऊन चार वर्षे झाली. संगणकाने काही हरकत घेतली नाही. मीच खोडले.

२. आपल्या सामानकक्षाच्या खिडकीवर ज्या बाई असतात, त्यांची मुलगी शाळा सुटल्यावर फाटकाबाहेरच्या बाकावर आईची वाट पाहत बसते. पाय जमिनीवर ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. मीही दुपारी त्याच बाकावर असतो, कारण घरी मला कोणी काही विचारत नाही. ही विचारते. राजाला रात्री तहान लागली तर तो स्वतः उठायचा का? एवढ्या खिडक्या पुसायला कोण चढायचे? मी उत्तरे देत नाही. आत जाऊन बघू, म्हणतो. पण आठ वर्षांखालील मुलांना प्रौढ सोबती लागतो, आणि तिच्या आईची सुट्टी महालाच्या सुट्टीच्याच दिवशी असते. आई रोज आत जाते आणि मुलीने अजून उंबरठा ओलांडलेला नाही. सबब, आईच्या संमतीने मी रकान्यात भिंगरीचे नाव लिहिले व तिच्या रकान्यात माझे. दोन्ही तिकिटे विनातक्रार मिळाली.

३. ठरल्या वेळी आम्ही फाटकावर हजर झालो. भिंगरीने वेणी नव्याने घालून घेतली होती. पहारेकऱ्यांनी तिकिटे उलटसुलट पाहिली व सभ्यपणे विचारले, "आजोबा, तुमची सोबत ही, आणि हिची सोबत तुम्ही. मग आधी आत कोण जाणार?" भिंगरी म्हणाली, "दोघं एकदम." त्यांना हसू आले, पण त्यांनी वरिष्ठांना बोलावले. वरिष्ठ म्हणाले, "सोबती तोच, ज्याला स्वतःला सोबत लागत नाही." असा सोबती माझ्या तरी पाहण्यात नाही. या चर्चेत आमची वेळ टळली.

४. आपल्या पत्रात सशुल्क मदतनीस घेण्याचे सुचवले आहे. आभारी आहे. तो गृहस्थ माझा दंड धरून मला सुखरूप बाहेर आणील, यात शंका नाही. परंतु तो मला काही विचारणार नाही.

५. तरी आम्हा दोघांस एकमेकांचे सोबती मानावे. ते नियमात बसत नसल्यास मला त्या तासापुरते सात वर्षांचे समजावे व कोणत्याही कुटुंबामागे सोडावे; मी हट्ट करणार नाही. तेही अशक्य असल्यास मला सामान समजून भिंगरीच्या आईकडे जमा करावे, व भिंगरीला तरी दुसऱ्या कोणाबरोबर आत सोडावे. बाहेर आल्यावर तिने काय पाहिले ते मी विचारीन. आयुष्यभर तेच काम केले आहे. मात्र पहिली विनंती मान्य झाल्यास जास्त बरे वाटेल, हे लपवत नाही.

६. त्या दिवशी पुढे जे घडले ते आपल्या नोंदीत नसेल, म्हणून कळवतो. वेळ टळल्यावर मी भिंगरीला आईच्या खिडकीकडे जायला सांगितले आणि घराकडे निघालो. कोपऱ्यावरून मागे पाहिले, तर ती खिडकीकडे गेलेली नव्हती. पुढच्या वेळेच्या रांगेत शेवटी जाऊन उभी होती आणि आपल्यापुढे एका माणसाएवढी जागा तिने मोकळी सोडली होती. मी परत फिरून जवळ येतो तोच मागून आलेल्या बाईंनी तिला पुढे सरकायला सांगितले. तिने दोन्ही हात आडवे पसरून ती जागा अडवली आणि म्हणाली, "इथं आमचे आजोबा आहेत. ते जरा हळू चालतात."

आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत,

(सही)
सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक
(फाटकाबाहेरच्या बाकावर दुपारी हमखास भेटतील)

सोमवार, महाल बंद असतो तो दिवस